कुत्र्याला घर कोण देतं? बारामती-इंदापूरकडून पाहिलेला एक इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या मालिकेत हे कुत्र्याचं काय मध्येच? किल्ले झाले, कालवे झाले, दुष्काळ झाले, आता कुत्री? तर हो, आता कुत्री. थोडा धीर धरा. हा विषय शेवटी आपल्या गावापाशी आणि आपल्या दारापाशीच येणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. हल्ली बारामतीत, इंदापुरात, भिगवणला, वालचंदनगरला लोकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो. फोटोत एक लहानसं कुत्रं असतं, कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलेलं, जखम बरी केलेली. खाली लिहिलेलं असतं, ‘दत्तक देणे आहे. चांगलं घर हवं.’

यातला ‘दत्तक’ हा शब्द बघा. आपल्याकडे दत्तक म्हटलं की वारस, वतन, गादी. दत्तकविधान व्हायचं ते घेणाऱ्याच्या गरजेपोटी. वंश चालावा, पिंडदान व्हावं, इस्टेट बाहेर जाऊ नये म्हणून. थोरल्या शाहू महाराजांना मुलगा नव्हता, म्हणून रामराजांना दत्तक घेतलं. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याच्या राजांनी घेतलेला दत्तक इंग्रजांनी मान्य केला नाही आणि साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. एका दत्तकावर एक राज्य गेलं, इतका हा शब्द आपल्याकडे वजनदार आहे.

आता हाच शब्द कुत्र्याला लावल्यावर काय होतं? कुत्रं तुमचं नाव चालवणार नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागणार नाही. कायद्याच्या नजरेत ते अजूनही मालमत्ताच आहे. म्हणजे इथे दत्तकाचा अर्थच उलटा झाला. इथे गरज घेणाऱ्याची नाही, दिल्या जाणाऱ्याची आहे. आपल्या समाजात हे कधीपासून आलं? त्याआधी कुत्र्याला घर कोण देत होतं, आणि कशाच्या बदल्यात? आज आपल्याला हे बघायचं आहे.

कामाच्या बदल्यात भाकरी

माणूस आणि कुत्रा यांचं नातं आपल्या दख्खनच्या पठारावर फार जुनं आहे. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या मोठ्या वस्तू सापडल्या. त्यात एक बैलजोडीचा रथ आहे. रथात माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. आपल्याच शेजारच्या नगर जिल्ह्यातली ही गोष्ट. काही हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला रथ, बैल आणि माणूस एवढ्यावर चित्र पूर्ण झालं असं वाटलं नाही. कुत्राही लागला.

आता बारामती-इंदापूरच्या माळावर या. हा मूळचा कमी पावसाचा, मेंढरांचा मुलूख. इथला धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतो, कोकणात जातो, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. घोड्यावर संसार, मागे मेंढरं, आणि मेंढरांच्या कडेनं कुत्री. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, भोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावायचं आणि राखणीला कुत्रा. लांडगा आला तर पहिली भुंक त्याची. या कुत्र्याला कुणी दत्तक घेत नाही, कुणी विकतही घेत नाही. ते वाड्यावरच जन्मतं, वाड्याबरोबर चालतं. त्याची भाकरी त्याच्या कामात आहे.

आणि आपल्याकडे कामाचं नातं देवापर्यंत जातं. जेजुरी बारामतीपासून फार लांब नाही. खंडोबा घोड्यावर, हातात खड्ग, आणि बरोबर कुत्रा. खंडोबाची दुसरी बायको बानू ही धनगराची लेक, हे तुम्हाला माहीत आहेच. ज्या देवाचं कुळ धनगरांशी जोडलेलं, त्याच्याजवळ कुत्रा नसता तरच नवल. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतात. काही विधींत ते कुत्र्यासारखं भुंकतात, कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं खातात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं आयुष्यातली कित्येक वर्षं धनगर आणि खंडोबा यांच्या अभ्यासात घालवली, ती अशाच गोष्टींसाठी. जगात ‘कुत्रा’ ही शिवी आहे. जेजुरीत ती दीक्षा आहे.

पण शिवीसुद्धा आपलीच आहे, ते विसरू नका. ‘कुत्र्याच्या मौतीनं मरणं’, ‘कुत्रं हाल खाणार नाही’, ‘धोब्याचं कुत्रं, ना घरचं ना घाटचं’ हे सगळं मराठीच आहे. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतो, हात जोडतो, आणि बाहेर येऊन दारातल्या कुत्र्याला ‘हाड्’ करतो. या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही, कारण जुन्या गावात कुत्र्याची जागा ठरलेली होती. उंबऱ्याच्या बाहेर, पण गावाच्या आत. मालक नसेल, पण चार घरची शिळी भाकरी ठरलेली.

ज्याला काम नाही त्याचं काय?

इथपर्यंत हिशेब सरळ आहे. कुत्रं राखण करतं, शिकार करतं, म्हणून त्याला भाकरी. पण ज्याचा काही उपयोग नाही अशा कुत्र्याचं काय? हा प्रश्न आपल्या परंपरेनं विचारलेला आहे, आणि त्याचं मराठी उत्तर बारामतीतच लिहिलं गेलं.

कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक म्हणजे त्या काळचे बडे सावकार, पेशव्यांचे सोयरे आणि प्रतिस्पर्धीही. त्यांच्या आश्रयाला कवी मोरोपंत राहिले. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. मृत्यू १७९४, बारामतीतच. मोरोपंतांनी सगळं महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणलं, ते ‘आर्याभारत’. आणि महाभारत सगळं सांगायचं म्हणजे शेवटी महाप्रस्थान येतंच.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. पांडव आणि द्रौपदी सगळं सोडून हिमालयाकडे निघतात. मागोमाग एक कुत्रं येतं. त्याला कुणी बोलावलेलं नाही, ते कुणाचं नाही. वाटेत द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो. उरतात युधिष्ठिर आणि ते कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पण कुत्रं इथेच ठेव. युधिष्ठिर नाही म्हणतो.

सगळे ही गोष्ट इथे संपवतात. कुत्रं म्हणजे साक्षात यमधर्म होता, परीक्षा होती, वगैरे. पण मधला वाद ऐका, तो महत्त्वाचा आहे. इंद्र विचारतो, बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग या कुत्र्याचं एवढं काय? युधिष्ठिराचं उत्तर असं, की ते मेले, मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो. ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हे कुत्रं जिवंत आहे, माझ्या भरवशावर इथवर आलंय. भरवशावर आलेल्याला सोडणं हे त्याच्या लेखी ब्रह्महत्येइतकं पाप आहे.

आता या कुत्र्यानं पांडवांसाठी काय केलं होतं? काही नाही. राखण नाही, शिकार नाही. नुसतं बरोबर चाललं. म्हणजे इथे हक्क उपयोगातून आलेला नाही, सोबतीतून आलेला आहे. माझ्या मते दत्तक घेतलेल्या कुत्र्याचा सगळा युक्तिवाद इथे आधीच मांडून झालेला आहे.

खंड्याची पालखी

याच काळातलं दुसरं उदाहरण साताऱ्याचं. शाहू महाराज सात वर्षांचे असताना, १६८९ मध्ये, मोगलांच्या हाती सापडले. सुटले १७०७ मध्ये. अठरा वर्षं कैद. पुढे ते छत्रपती म्हणून साताऱ्याला राहिले, शिकारीचा आणि कुत्र्यांचा त्यांना भारी शौक. त्यांच्या एका कुत्र्यानं वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला असं सांगतात. साताऱ्याकडे त्याचं नाव खंड्या. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहूंच्या समाधीजवळ, खंड्याचीही समाधी आहे. कधी गेलात तर जरूर बघा.

ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या कुत्र्याचा उल्लेख आहे. तो सांगतो, की शाहूंनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि त्याच्या रीतसर सनदा काढल्या. डफ हे सांगतो ते राजाच्या मनाचा तोल गेल्याचा पुरावा म्हणून. दरबारानं राजाची लहर सांभाळली, असा त्याचा सूर.

मी हे जरा वेगळं वाचतो. उपकार फेडायचा तर त्या राज्यव्यवस्थेत भाषा कोणती होती? सनद, इनाम, पालखी. लढाईत जीव वाचवणाऱ्या शिलेदाराला जे मिळालं असतं, तेच शाहूंनी कुत्र्याला दिलं. लहर असेल, नाही म्हणत नाही. पण ज्या माणसाचं सगळं बालपण दुसऱ्याच्या छावणीत गेलं, त्याला भरवशाच्या सोबतीची किंमत कळली असेल, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

‘भटकं’ कुत्रं कधी जन्मलं?

आता गाडी मुंबईला नेतो, कारण ‘मालक नसलेलं कुत्रं म्हणजे गुन्हा’ ही कल्पना तिथे कायद्यात आली. इंग्रजांच्या नजरेत कुत्र्याचे दोनच प्रकार. मालकाचं आणि भटकं. गावाचं कुत्रं हा तिसरा प्रकार त्यांच्या खात्यात बसेना. १८१३ पासून मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक आठवड्यांत अशी कुत्री मारायचा नियम होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली, मारणाऱ्यांना कुत्र्यामागे पैसे मिळत, आणि ते घरांच्या आसपासची कुत्रीही धरू लागले. ६ जून १८३२ ला फोर्टमध्ये पारशी समाज उठला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, अंत्यविधीतही कुत्रा लागतो. मारामारी झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, साहेबांच्या घरची रसद अडली. मुंबईतला हा एक आद्य दंगा, तोही कुत्र्यांवरून.

पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईची पांजरपोळ काढली. आजही ती भुलेश्वरला आहे. म्हणजे बेघर जनावराला आसरा देण्याची आधुनिक संस्था आपल्याकडे उभी राहिली ती मारण्याच्या धोरणाला उत्तर म्हणून.

पण मारणं थांबलं नाही. नगरपालिका आल्या, आणि कुत्री मारणं हे गटार साफ करण्यासारखं खात्याचं काम झालं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही भटकी कुत्री नष्ट करण्याची तरतूद होती. यामागे नुसता क्रूरपणा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. रेबीजची भीती खरी होती. रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे चालू होती.

अडचण अशी की, मारून कुत्री कमी होत नाहीत. कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते, आणि उकिरडा तसाच असेल तर रिकाम्या जागेत शेजारची कुत्री येतात. मुंबईत १९९४ मध्ये महापालिकेनं मारणं थांबवलं आणि नसबंदीचा रस्ता धरला. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले: धरा, नसबंदी करा, लस द्या, जिथून आणलं तिथेच सोडा. २०२३ मध्ये ते नव्यानं निघाले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत यावर किती खल झाला, आदेश कसे बदलले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय. १८३२ चं भांडण अजून मिटलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कालवा, ऊस आणि लहान कुत्रं

आता परत आपल्या मुलखात. १८७६ च्या दुष्काळात काम सुरू झालेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. १९८० मध्ये उजनी झालं आणि इंदापूरची एक बाजूच बदलली. माळ कमी झाला, मेंढरांची वाट कमी झाली, तसं धनगरी कुत्र्याचं कामही कमी झालं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, कोपीच्या राखणीला कुत्रं असतं. पट्टा पडला की टोळी गाडी भरून गावी जाते. सगळ्या पिल्लांना गाडीत जागा होतेच असं नाही.

दुसरीकडे बारामती शहर झालं. एमआयडीसी, कॉलेजं, फ्लॅट. फ्लॅटमध्ये राखणीचा कुत्रा कशाला? तिथे आलं लहान कुत्रं, लाडाचं. त्यालाही फॅशनची लाट असते. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातल्या टफीमुळे पांढरी केसाळ कुत्री घरोघरी दिसू लागली. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि सगळ्यांना पग हवा झाला. त्या बिचाऱ्याचं नाक चपटं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला धड श्वास घेता येत नाही. लाट ओसरते, कुत्रं मात्र बारा-चौदा वर्षं जगतं. मग बदली झाली, बाळ झालं, केस गळतात, अशी कारणं निघतात, आणि एक दिवस ते रस्त्यावर दिसतं. गावठी कुत्रं उकिरड्यावर जगतं तरी. फ्लॅटमध्ये वाढलेलं लहान कुत्रं पहिल्या रात्रीच गाडीखाली येतं किंवा टोळक्यात सापडतं.

म्हणून त्या मोबाइलवरच्या ‘दत्तक देणे आहे’ला मी किरकोळ समजत नाही. आणि ते फक्त त्या कुत्र्यापुरतंही नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, बारामतीत शिर्सुफळ आहे, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. इथे चिंकारा आहे, तरस आहे, आणि देशात दुर्मिळ होत चाललेला लांडगा आहे. आपण गावाकडेला सोडलेलं कुत्रं या माळावर पोचतं. ते चिंकाऱ्याच्या मागे लागतं. त्याच्याकडून डिस्टेंपरसारखा रोग लांडग्याला जातो. पुणे जिल्ह्यातल्या लांडग्यांत तो आढळलेला आहे. आणि कुत्रा-लांडगा संकर होतो, तोही याच जिल्ह्यात जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये समोर आला. ज्या कुत्र्याला धनगरानं हजार वर्षं लांडग्याविरुद्ध उभं केलं, तेच आता आपल्या हलगर्जीपणामुळे लांडग्याचा शेवट करायला निघालंय.

मग दत्तक म्हणजे नेमकं काय?

हे ऐकून कुणी म्हणेल, सर, माणसांना घरं नाहीत, तुम्ही कुत्र्यांची घरं काय काढता? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की कुत्रा चावतो तो बहुतेक गरिबालाच. पायी चालणाऱ्याला, शाळेच्या पोराला, पहाटे कामावर निघालेल्या बाईला. एक कुत्रं घरात गेलं, त्याला लस मिळाली, त्याची नसबंदी झाली, तर त्याचा पहिला फायदा त्या बाईला आहे.

पण दत्तक घ्यायचं तर त्या जुन्या शब्दाचं वजन ओळखून घ्या. दत्तकविधानात परत करण्याची सोय नसते. घरातल्या सगळ्यांना विचारा, फक्त हट्ट करणाऱ्या मुलाला नाही. घर भाड्याचं असेल तर घरमालकाशी आधी बोला. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. डिस्टेंपर-पार्व्होची लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. वेळेत नसबंदी. आणलेलं कुत्रं मोठं आणि घाबरलेलं असेल तर पहिले काही दिवस त्याला एक कोपरा द्या, पाणी ठेवा, मागे लागू नका. ते मार खाऊन आलेलं असतं, तुमचा हात कसा आहे हे कळायला त्याला वेळ लागतो. आणि कुणाला कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-मिरची भरू नका.

जे देणारे आहेत त्यांनाही सांगतो. ‘कुणीही न्या’ असं म्हणू नका. घर बघून द्या, महिन्यानं फोन करा. जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडे परत आणा, रस्त्यावर सोडू नका, असं आधीच सांगून ठेवा. मुलगी देताना आपण चार प्रश्न विचारतोच की.

दायमाबादच्या रथापासून खंडोबाच्या घोड्यापर्यंत आपण कुत्र्याला जागा दिली ती त्याच्या कामासाठी. शाहूंनी दिली ती उपकारासाठी. बारामतीत बसून मोरोपंतांनी जी कथा मराठीत सांगितली, तिच्यात तिसरं कारण आहे. ते बरोबर चालत आलंय, एवढंच. लहान कुत्रं राखण करणार नाही, शिकार करणार नाही. त्याला घरात घेणाऱ्यांसाठी हेच तिसरं कारण शिल्लक राहतं, आणि बारा-चौदा वर्षं तेवढ्यावर काढायची असतात.

पुढच्या वेळी आपण पुन्हा नीरा कालव्याकडे वळू. प्रश्न असतील तर आता घेऊ या.